भगवा विटकरी का येतो? मोठ्या प्रिंटरचा रंग जागेवर आणण्याची पद्धत

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात कुठल्याही फ्लेक्सच्या दुकानात उभे राहिलात तर एक वाद हमखास कानावर पडतो. गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरतं: "यात भगवा कसा झळाळतोय, आणि तुमच्या बॅनरवर विटकरी!" डिझायनर फाइल उघडतो, सायन काढतो, पिवळा चढवतो, फूटभर तुकडा पुन्हा छापतो. भगवा जमला की त्याच बॅनरवरच्या साहेबांचा चेहरा पिवळा पडतो. मग चेहरा वेगळा निवडून त्यात मजेंटा घालायचा. रात्री अकराला बॅनर जातो. दुसऱ्या दिवशी तीच फाइल स्टार फ्लेक्सऐवजी व्हाइनिलवर मागितली की सगळं पहिल्यापासून.

फाइलमध्ये केलेली दुरुस्ती त्या फाइलपुरती, त्या मीडियापुरती (फ्लेक्स, व्हाइनिल, ज्यावर छापतो ते) आणि बहुतेक वेळा त्या दिवसापुरती टिकते. बिघाड मशीनच्या बाजूला असेल तर तो तिथेच काढावा लागतो. त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी मशीन, मग शाईची मर्यादा, मग लिनियरायझेशन (शाईच्या टक्क्यांचा चढ सरळ करणं) आणि सगळ्यात शेवटी प्रोफाइल (कुठल्या आकड्याला मशीन कुठला रंग देतं त्याची नोंद). आपल्याकडे बहुतेक जण थेट प्रोफाइलवर उडी मारतात. कुणीतरी पेन ड्राइव्हवर "मस्त प्रोफाइल" आणून देतं, ते टाकलं जातं आणि रंग आणखी बिघडतो. प्रोफाइल सातबाऱ्यासारखं असतं. जमीन जशी आहे तशी नोंदवतं, सुधारत नाही. दुसऱ्याच्या मशीनचं प्रोफाइल तुमच्या मशीनवर चालेल ही अपेक्षाच चुकीची.

पुढची पद्धत इको-सॉल्व्हंट आणि सॉल्व्हंट मशीन धरून लिहिली आहे. यूव्ही किंवा लेटेक्सलाही क्रम तोच राहतो, फक्त सुकण्याचा भाग बदलतो.

काय लागेल

स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग आकड्यांत मोजणारं यंत्र, लागेलच. डोळ्यांनी ते काम होत नाही, कारण डोळा दहा मिनिटांत समोरच्या रंगाला सरावतो. आय-वन प्रो मालिकेतलं यंत्र या धंद्यात सगळ्यात जास्त दिसतं. फ्लेक्सच्या विणीमुळे लहान छिद्राचं यंत्र कधी धाग्यावर, कधी खळग्यात मोजतं. आय-वन प्रो ३ प्लसचं मोजण्याचं छिद्र ८ मिलिमीटरचं आहे, नेहमीच्या आय-वन प्रो ३ चं ४.५ मिलिमीटरचं. त्यामुळे खडबडीत मीडियाचं काम जास्त असेल तर प्लस उपयोगी. एकाच मशीनचं दुकान असेल तर यंत्र विकत घेण्यापेक्षा प्रोफाइलिंग करून देणाऱ्याला बोलावणं परवडतं. पण तो येण्याआधीची तयारी तुम्हालाच करावी लागते, आणि निम्मं यश त्या तयारीत असतं.

मेनटॉप, फोटोप्रिंट, ओनिक्स, काल्डेरा यांपैकी जे रिप (फाइलचं मशीनच्या थेंबांत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) तुमच्याकडे असेल त्यात लिनियरायझेशन आणि इंक लिमिटची सोय आहे का ते आधी बघा. काही मशीनसोबत येणाऱ्या साध्या आवृत्तीत ती बंद असते किंवा वेगळी विकत घ्यावी लागते.

मशीन स्थिर करणं

खोलीपासून सुरुवात करा. तापमान २० ते ३० अंश आणि आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के राहिली तर शाई फवारणारं हेड शहाण्यासारखं वागतं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये एसी बंद ठेवून केलेलं कॅलिब्रेशन डिसेंबरमध्ये लागू पडेल असं समजू नका. मीडियाचा रोल गोदामातून आणून लगेच लावू नका. आदल्या दिवशीच मशीनच्या खोलीत आणून ठेवा.

हीटर रोजच्या कामाला ठेवता त्याच तापमानाला ठेवा आणि मीडिया गरम होऊ द्या. इको-सॉल्व्हंटला प्रिंट हीटर साधारण ३५ ते ४५ अंशांत चालतो. तापमान बदललं की थेंब पसरण्याचं प्रमाण बदलतं, म्हणजे रंगही बदलतो. वीज वाचवायला सकाळी हीटर बंद आणि दुपारी चालू, असं करणाऱ्या दुकानात कुठलंच कॅलिब्रेशन टिकणार नाही.

मग नोझल चेक, म्हणजे हेडची बारीक छिद्रं उघडी आहेत का याची चाचणी छपाई. एकही रेघ तुटलेली चालणार नाही. रोजच्या कामात दोन-चार नोझल बंद असताना आपण पास (एका जागेवरून हेडच्या फेऱ्या) वाढवून भागवतो, पण कॅलिब्रेशनच्या वेळी ते चालवून घेतलं तर मशीनची खोड कायमची नोंदवली जाते. पुढे हेड साफ झालं की तो रंग जास्त पडायला लागतो आणि दोष प्रोफाइलला जातो. सायनच्या नोझल बंद असताना केलेल्या लिनियरायझेशनचा फटका सगळ्यात आधी भगव्याला बसतो. तिथे चिमूटभर सायनही विटकरी झाक आणतो.

नोझलनंतर हेडचं अलाइनमेंट, मग फीड, मग जाता-येता छपाईचं अलाइनमेंट. फीड गरम मीडियावरच जुळवा, कारण उष्णतेने मीडिया ताणला जातो. बँडिंगच्या काळ्या-पांढऱ्या रेघा चार्टवर आल्या तर स्पेक्ट्रो त्याही मोजतो.

आता मोड पक्का करा: रिझोल्यूशन, पासची संख्या, एका दिशेने की दोन्ही, थेंबाचा आकार, हेडची उंची. पुढचं सगळं काम फक्त मीडिया आणि मोडच्या या जोडीला लागू असतं. चार पासचं प्रोफाइल सहा पासला लावायचं नाही. दुकानात दहा मीडिया आणि प्रत्येकी चार मोड असतील तर चाळीस प्रोफाइल करत बसू नका. ज्यावर खरं काम होतं अशा तीन-चार जोड्या निवडा. बाकीच्यांना जवळचं प्रोफाइल आणि स्वतंत्र लिनियरायझेशन एवढं पुरतं.

प्रत्येक शाईची मर्यादा

इथे घाई करू नका. भगवा विटकरी होण्याचं, काळपट चेहऱ्यांचं आणि न सुकणाऱ्या बॅनरचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

रिपमध्ये नवीन मीडिया तयार करा. नाव देताना मीडिया, कंपनी, पास, महिना सगळं घाला. "न्यू १", "न्यू १ फायनल" ही नावं सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाहीत. रंग-व्यवस्थापन पूर्ण बंद करा आणि प्रत्येक शाईची ० ते १०० टक्क्यांपर्यंतची पट्टी छापा.

सुकल्यावर पट्टी नीट बघा. सायन एका टप्प्यापर्यंत गडद होत जातो, आणि त्यापुढे गडद होण्याऐवजी जांभळ्या-निळ्याकडे झुकतो. मजेंटा लालसर व्हायला लागतो. पिवळा केशरी छटेकडे सरकतो. म्हणजे शाई जास्त पडते आहे, पण रंगाचा शुद्धपणा वाढायचा थांबला आहे. स्पेक्ट्रोवर हे आकड्यांत दिसतं: लॅब (उजळपणा, लाल-हिरवा, पिवळा-निळा अशा तीन आकड्यांची पद्धत) मोजमापातला क्रोमा, म्हणजे रंगाचा जोर, चढत जातो, सपाट होतो आणि मग खाली वळतो. मर्यादा त्या वळणाच्या थोडी अलीकडे ठेवायची. कुठल्या मीडियावर ती ७० टक्क्यांवर येते, कुठे ९० वर. काळ्याला क्रोमा पाहायचा नसतो. तो आणखी काळा होणं जिथे थांबतं तिथे थांबायचं.

"शाई कापली तर रंग फिका येईल" अशी भीती मालकांना वाटते. तसं होत नाही. मर्यादा लावल्यावर फाइलमधला १०० टक्के सायन म्हणजे मशीनचा सगळ्यात स्वच्छ सायन. कापला जातो तो फक्त चिखल. शाईचा खर्च कमी होतो, हा वरचा फायदा.

अंदाजासाठी ऑफसेटचे आकडे जवळ ठेवा. आर्ट पेपरवरच्या जुन्या आयएसओ १२६४७-२ मानकात सायनचे लॅब आकडे ५५, उणे ३७, उणे ५० असे आहेत. मजेंटाचे ४८, ७४, उणे ३ आणि पिवळ्याचे ८९, उणे ५, ९३. तुमच्या शाईची छटा वेगळी असेल, आकडे तंतोतंत जुळणार नाहीत आणि जुळवायचेही नाहीत. पण पिवळ्याचा तिसरा आकडा ७० वरच अडला असेल तर लख्ख भगवा विसरा. त्या शाईत किंवा त्या मीडियात तो नाहीच.

भगव्यासाठी एक जादा चाचणी करा. पिवळा आणि मजेंटा दोन्ही आपापल्या मर्यादेवर एकत्र छापून लाल बघा. तो मंद वाटला किंवा त्यावर ठिपके-ठिपके जमले, तर मजेंटा थोडा खाली आणा, पिवळ्याला हात लावू नका.

लाइट सायन आणि लाइट मजेंटा असलेल्या मशीनवर हलकी शाई कुठे संपते आणि गडद कुठे सुरू होते हेही इथेच ठरतं. गडद शाई लवकर सुरू झाली तर गालावर दाणे दिसतात. उशिरा सुरू झाली तर हलक्या शाईचा ओला थर साचतो.

लिनियरायझेशन

मर्यादा लावलेल्या मशीनला ५० टक्के सायन सांगितला तर तो बघणाऱ्याला मधला वाटायला हवा. प्रत्यक्षात थेंब पसरल्यामुळे ५० टक्केच ७५ सारखा दिसतो, आणि ७० च्या पुढे सगळं जवळजवळ सारखं. म्हणून सावलीतला तपशील बुजतो: काळी जॅकेटं, केस, दाढी सगळं एकजीव.

रिपचा लिनियरायझेशन चार्ट छापा, सुकू द्या, मोजा. रिप प्रत्येक रंगाचा वक्र काढून दाखवतं. तो गुळगुळीत चढणारा असावा. मध्येच खड्डा किंवा उंचवटा दिसला तर तो सॉफ्टवेअरच्या स्मूदिंगने झाकू नका. धूळ, बोटाचा डाग, बँडिंगची रेघ किंवा मध्येच बंद पडलेली नोझल, यांपैकी काहीतरी असतं. चार्ट पुन्हा छापा. वक्र लावल्यावर तोच चार्ट वक्रासकट छापून मोजा. पट्टी सरळ आली की पुढे जायचं.

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी मशीनचा रंग सरकला तर प्रोफाइल नव्याने करायची गरज नसते. हा छोटा चार्ट पुन्हा मोजला की मशीन जुन्या जागी येतं आणि जुनं प्रोफाइल पुन्हा लागू पडतं. लिनियरायझेशन न करता थेट प्रोफाइल केलेल्या दुकानाला ही सोयच राहत नाही.

एकूण शाई

चार रंग शंभर-शंभर म्हणजे ४०० टक्के. एवढी शाई कुठलाच फ्लेक्स पेलत नाही. २०० पासून ४०० पर्यंतचे चौकोन आणि त्यांत पांढरी बारीक मराठी अक्षरं असा चार्ट छापा. अक्षरं मराठीच घ्या. वेलांट्या आणि रफार आधी भरतात. कुठल्या चौकोनापासून कडा फुटतात, शाई थेंबाथेंबाने जमते, मीडिया लाटांसारखा होतो, काही मिनिटांनी बोट लावल्यावर चिकटतं, ते बघा. त्याच्या एक पायरी खाली मर्यादा ठेवा. इको-सॉल्व्हंटवर ती बहुधा २२० ते ३०० च्या दरम्यान पडते.

व्हाइनिलवर जास्त शाईचा आणखी एक त्रास: सॉल्व्हंट गोंदापर्यंत उतरतो, गोंद मऊ पडतो आणि चिकटवल्यावर कडा वळतात. गिऱ्हाईक तेव्हा व्हाइनिलला शिव्या देतं.

प्रोफाइल

इथवर आलात की प्रोफाइलचं काम जवळजवळ यांत्रिक आहे. आयटी८.७/४ चार्टमध्ये १,६१७ चौकोन असतात, ईसीआय २००२ मध्ये १,४८५. फ्लेक्सच्या कामाला इतके लागत नाहीत. सरळ वागणाऱ्या मशीनला काही शे चौकोन पुरतात. कॉर्पोरेट लोगो किंवा फोटो कॅनव्हासचं काम असेल तर मोठा चार्ट घ्या.

सुकायला वेळ द्या. सॉल्व्हंट उडेपर्यंत रंग सरकत राहतो. अर्धा तास हे कमीत कमी. रात्रभर ठेवून सकाळी मोजलेलं उत्तम. चार्ट गुंडाळून ठेवू नका, पसरून ठेवा.

मोजताना यंत्र आधी त्याच्या पांढऱ्या टाइलवर कॅलिब्रेट करा. फ्लेक्स अर्धपारदर्शक असतो, त्यामुळे खाली काय आहे तेही मोजलं जातं. लाकडी टेबलावर मोजलेलं आणि पांढऱ्या कागदांवर मोजलेलं जुळत नाही. खाली नेहमी तेच पांढरे कागद ठेवा. विणीच्या फ्लेक्सवर दोन-तीनदा मोजून सरासरी घ्या. मोजण्याची स्थिती एम१ ठेवा. ती डी५० (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाण) प्रकाश धरते, आणि मीडियात मिसळलेल्या चमक वाढवणाऱ्या रसायनांचा परिणामही त्यात येतो. बॅकलिटचं काम मात्र वरून मोजून होत नाही. ते मागून प्रकाश देऊन मोजावं लागतं, त्याला तसं मोजणारं यंत्र हवं.

प्रोफाइल बनवताना काळी शाई कधी सुरू व्हावी हे विचारलं जातं. काळा जास्त घेतला तर राखाडी रंग स्थिर राहतो आणि रंगीत शाई वाचते. पण वाढदिवसाच्या बॅनरांवर सगळा डोळा चेहऱ्यावर असतो, आणि गालावर काळे ठिपके लगेच कळतात. चेहऱ्यांचं काम जास्त असेल तर काळा उशिरा सुरू करा, सावल्यांसाठी राखून ठेवा. माझं मत विचाराल तर महाराष्ट्रातल्या निम्म्या फ्लेक्स दुकानांना हाच पर्याय योग्य.

रिपच्या सेटिंगमध्ये भगवा कुठे मरतो

चांगलं प्रोफाइल करूनही भगवा मळकट येण्याचं कारण इथे असतं. फाइलमध्ये भगवा ० सायन, ५५ मजेंटा, १०० पिवळा असा स्वच्छ असतो. रिप तो आधी लॅबमध्ये आणि मग तुमच्या मशीनच्या आकड्यांत बदलतं. या रूपांतरात तीन-चार टक्के सायन किंवा काळा घुसतो. मोजमापात फरक किरकोळ दिसतो, पण मोठ्या थेंबांच्या मशीनवर केशरी पृष्ठभागावर निळे ठिपके विखुरलेले दिसतात. शुद्ध रंग राखण्याचा पर्याय बहुतेक रिपमध्ये वेगवेगळ्या नावांनी असतो. तो फक्त एका शाईचे रंग राखतो की दोन शाईंचे मिश्रणही, ते तपासा. भगव्यासाठी दुसरं हवं.

आणखी खात्रीचा मार्ग म्हणजे स्पॉट रंग. मजेंटा ४० ते ७० आणि पिवळा ८० ते १०० अशी जाळी मशीनच्या आकड्यांत, रूपांतराशिवाय, त्याच मीडियावर छापा. मंडळाच्या कार्यकर्त्याला दारात उजेडात नेऊन त्यातला चौकोन निवडायला लावा आणि त्यावर सही घ्या. त्या रंगाला रिपमध्ये नाव द्या, डिझायनरला तेच नाव फाइलमध्ये वापरायला सांगा. हळदीचा पिवळा, पोपटी, गडद निळा यांनाही हे चालतं. मोबाइल दाखवून होणारे वाद यानंतर बरेच कमी होतात.

फाइल कुठल्या प्रोफाइलची आहे हे रिपला कळायला हवं. आरजीबी फाइल असेल तर एसआरजीबी, सीएमवायके असेल तर फोग्रा३९ (ऑफसेटचं प्रमाण प्रोफाइल) किंवा फाइलमध्ये जोडलेलं प्रोफाइल. कोरलड्रॉच्या जुन्या फाइली वेगळ्याच प्रोफाइलच्या निघतात. डिझायनरने फोटोशॉपमध्येच प्रिंटरच्या प्रोफाइलमध्ये रूपांतर केलं आणि रिपने ते पुन्हा केलं, तर रंग दोनदा वाकतो. ते काम एकट्या रिपवर सोडा.

रेंडरिंग इंटेंट (मशीनला न जमणारे रंग कसे बसवायचे ते) फोटोला परसेप्च्युअल, लोगो आणि सपाट रंगांना रिलेटिव्ह कलरिमेट्रिक. अ‍ॅब्सोल्यूट नको; तो कागदाचा पिवळसरपणाही छापून दाखवतो.

तपासणी

स्वतःचं एक चाचणी पान करा: राखाडी पट्टी, दोन-तीन वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे, भगवा, हळद, गर्द हिरवा आणि काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं. सायन ५०, मजेंटा ४०, पिवळा ४० हा चौकोन त्यात जरूर घ्या. तो तटस्थ राखाडीच्या जवळ दिसायला हवा. गुलाबी किंवा हिरवट दिसला तर चेहरेही तिकडेच झुकणार.

आकड्यांत तपासायचं तर ७२ चौकोनांची फोग्रा मीडिया वेज मोजा. डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) १ म्हणजे सहसा न जाणवणारा फरक; ५ च्या पुढे कुणालाही दिसतो. रस्त्यावरच्या बॅनरसाठी सरासरी ३ च्या आसपास आली तरी समाधान माना. एकच्या मागे लागून दिवस घालवण्यात अर्थ नाही.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. डी५० चा दिवा नसेल तर दाराशी, सावलीतल्या उजेडात बघा. डिझायनरचा मॉनिटर ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि बेताच्या ब्राइटनेसवर आणा. तो पूर्ण ब्राइटनेसवर असेल तर प्रत्येक प्रिंट त्याला काळपटच वाटणार.

जोडाच्या होर्डिंगला आणखी एक काळजी. पॅनेल एकाच रोलवर, एकाच बैठकीत छापा. मशीनच्या डाव्या आणि उजव्या टोकाला रंगात किंचित फरक असेलच, तर एकाआड एक पॅनेल उलटं फिरवून छापा. जोडावर मग मशीनच्या एकाच बाजूच्या कडा शेजारी येतात आणि शिवण दिसत नाही.

सांभाळणं

चाचणी पानाची एक प्रत तारीख टाकून अंधाऱ्या कपाटात ठेवा. आठवड्याला तेच पान छापून तिच्या शेजारी लावा. फरक दिसला तर आधी नोझल चेक, मग हीटर, मग शाईचा लॉट आणि त्यानंतर लिनियरायझेशन. हेड बदललं, मीडियाची कंपनी बदलली, पावसाळा लागला की लिनियरायझेशन पुन्हा करा. शाईचा ब्रँड बदलला तर मर्यादेपासून सगळं नव्याने. दोन ब्रँडची शाई टाकीत मिसळणाऱ्याने हा लेख वाचण्यात वेळ घालवू नये.

१ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशात बंदी आहे, आणि काही दुकानं कापडाकडे वळली आहेत. फ्लेक्सचं प्रोफाइल कापडावर लावून रंग उडालेला दिसतो म्हणून शाई वाढवली जाते आणि ती मागे झिरपते. कापडाची पांढरी छटा, शोषण, सुकण्याचा वेळ सगळंच वेगळं. त्याला रिपमध्ये नवीन नाव द्या आणि पहिल्या पट्टीपासून सुरुवात करा. कापडावर मर्यादा ठरवताना चौकोन मागच्या बाजूनेही बघा.